बोट सरळ, पण हात दुखतात: मोटरबोटीचे ट्रिम टॅब सोप्या भाषेत

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर वेगात निघालेली एखादी मोटरबोट काठावरून पाहा. बोटीकडे नको, चालवणाऱ्याच्या खांद्यांकडे पाहा. बोट सरळ चाललेली असते, पण तो मात्र चाक डावीकडे दाबून धरून बसलेला असतो. हात जरा सैल पडला की बोट उजवीकडे जायला लागते. अर्ध्या तासात मनगट भरून येतं आणि मग "हिचं स्टिअरिंगच जड आहे" असा शिक्का बसतो.

बहुतेक वेळा स्टिअरिंगचा काही दोष नसतो. बोट पाण्यावर तोल सोडून चाललेली असते आणि तो तोल आपण हाताच्या जोरावर सांभाळत असतो. हे काम हाताचं नाहीच. ते करायला बोटीला छोट्या पट्ट्या दिलेल्या असतात. त्यांना ट्रिम टॅब म्हणतात. ओझरच्या विमान कारखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. विमानाच्या शेपटीवरही अशीच छोटी पट्टी असते आणि तीही वैमानिकाच्या हातावरचा भार कमी करते.

घोळ होतो तो नावामुळे. मोटरबोटीवर ट्रिम टॅब या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. एक असते इंजिनाच्या पायावर, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागावर, तळहातात मावेल एवढी. दुसरी जोडी असते बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, ताटाएवढी किंवा त्याहून मोठी. पहिली चाकावरची ओढ घालवते. दुसरी बोटीचं नाक खाली आणते आणि कललेली बोट सरळ करते. दुकानात नुसतं "ट्रिम टॅब द्या" म्हटलं, तर भलतीच वस्तू हातात पडू शकते.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

टॅबला हात लावण्यापूर्वी एक चाचणी कराच. बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन बंद. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इथेच ते जड जात असेल तर दोष केबलचा किंवा इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधल्या, म्हणजे केबलचा दांडा ज्या नळीतून सरकतो तिच्यातल्या, सुकलेल्या ग्रीसचा आहे. कोणताही टॅब त्यावर उपाय नाही. उलट टॅबने ओढ कमी केली तर अडकत चाललेली केबल लक्षातच येत नाही आणि ती नको त्या क्षणी दगा देते.

टिल्ट ट्यूबला ग्रीस भरताना एक गोष्ट हमखास चुकते. केबलचा दांडा पूर्ण आत गेलेला असतानाच ग्रीस भरायचं. दांडा बाहेर असताना भरलं, तर ट्यूबमध्ये ग्रीस कोंडतं आणि पुढे दांडा आत सरकतच नाही. चाक जागच्या जागी लॉक होतं. नवी केबल लावल्यावर पहिल्याच दिवशी स्टिअरिंग अडकलं, तर हे कारण आधी तपासा.

उभ्या बोटीत चाक हलकं आहे, पण वेगात एका बाजूला ओढतं? मग पुढे वाचा. ओढ फक्त एकाच बाजूला आहे का, बोट त्या वेळी कललेली होती का, आणि इंजिनाचा ट्रिम, म्हणजे इंजिन आत-बाहेर झुकवण्याचा कोन, बदलल्यावर ओढ बदलते का, एवढी तीन निरीक्षणं कागदावर लिहून ठेवली की अर्धं काम झालं.

इंजिनाच्या पायावरचा छोटा टॅब

आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लटकवलेलं, इंजिन वर उचला आणि मागून वाकून पाहा. पंख्याच्या वर एक आडवी चपटी प्लेट दिसेल. तिला अँटी-व्हेंटिलेशन प्लेट म्हणतात. पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे खेचली जाऊ नये यासाठी ती असते. या प्लेटच्या खालच्या अंगाला, पंख्याच्या किंचित मागे, स्वल्पविरामासारखा एक छोटा पंख लटकलेला असतो. रंग बहुधा मळकट करडा, अंगावर खड्डे पडलेले. हाच तो टॅब. एका बोल्टवर बसवलेला असतो आणि बोल्ट सैल केला की डावी-उजवीकडे फिरतो. काही मॉडेलात बोल्टचं डोकं खालून दिसतं, काहींत वरच्या बाजूला प्लास्टिकचं झाकण काढून पाना आत घालावा लागतो.

याचं काम समजण्यासाठी आधी ओढ का येते ते पाहू. बहुतेक एक-इंजिनी बोटींचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पंख्याचा दांडा पाण्याच्या प्रवाहाला अगदी समांतर असता, तर दोन्ही बाजूंची पाती सारखाच जोर लावती. पण दांडा थोडा तरी तिरका असतोच. मग एका बाजूने खाली जाणारं पातं पाण्याला एका कोनात भिडतं आणि दुसऱ्या बाजूने वर येणारं वेगळ्या कोनात. एका बाजूचा रेटा जास्त पडतो आणि तो इंजिनाला त्याच्या उभ्या आसाभोवती फिरवू पाहतो. हीच ओढ केबलमधून चाकापर्यंत पोचते. इंजिन आत घेतलेलं असेल, म्हणजे पाय बोटीकडे ओढलेला असेल, तर चाक उजवीकडे ओढतं. इंजिन बरंच बाहेर काढलं की तीच ओढ डावीकडे वळते. मध्ये कुठेतरी एक कोन असा सापडतो जिथे ओढ जवळपास शून्य होते.

म्हणूनच पहिला उपाय पाना नाहीच, ट्रिमचं बटण आहे. वेगात असताना इंजिन थोडं थोडं बाहेर घेत जा आणि चाक कुठे हलकं होतं ते पाहा. तो कोन तुमच्या नेहमीच्या वेगाला जमत असेल, तर छोट्या टॅबला हात लावायची गरज नाही. नाक फार वर जातंय, बोट उड्या मारतेय, किंवा तुमच्या इंजिनाला पॉवर ट्रिमच, म्हणजे बटणाने कोन बदलायची सोयच, नाही, तर मात्र टॅब फिरवायचा.

नियम एका ओळीचा आहे. बोट ज्या बाजूला ओढते, त्याच बाजूला टॅबचं मागचं टोक वळवायचं. उजवीकडे ओढत असेल तर मागचं टोक उजवीकडे. ऐकायला हे उलटं वाटतं आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. कारण लक्षात घेतलं की विसरायला होत नाही. मागचं टोक उजवीकडे वळवलं की वाहतं पाणी त्यावर उजव्या अंगाने आदळतं आणि टॅबला डावीकडे ढकलतं. टॅब इंजिनाच्या वळण्याच्या आसामागे असल्यामुळे इंजिनाचा मागचा भागही डावीकडे सरकतो. इंजिनाचा मागचा भाग डावीकडे गेला की बोट डावीकडे वळते. म्हणजे उजवीकडची ओढ मोडली. टॅब बोटीला वळवत नाही, तो इंजिनाला वळवतो आणि इंजिन बोटीला वळवतं.

करायचं असं. इंजिन बंद करा, किल्ली काढा, किल स्विचची, म्हणजे इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची, दोरी काढून खिशात ठेवा. टॅबच्या सध्याच्या जागी प्लेटवर पेन्सिलने किंवा मार्करने रेघ मारा. बोल्ट सैल करून टॅब योग्य बाजूला थोडासाच फिरवा. मागच्या टोकाला ३ ते ५ मिलिमीटर सरकलं तरी पहिल्या खेपेला पुरे. बोल्ट पुन्हा नीट आवळा. काही मॉडेलात टॅबच्या वरच्या तोंडाला दाते असतात. ते एकमेकांत बसले आहेत याची खात्री करूनच आवळा, नाहीतर टॅब पाण्याच्या दाबाने आपोआप फिरतो. मग पाण्यात न्या. नेहमीचा भार, नेहमीचा वेग आणि नेहमीचा इंजिनाचा कोन ठेवून सरळ चालवा. चाक दोन्ही बाजूंना सारख्याच जोराने वळतं का, हे पाहायचं. अजून ओढत असेल तर परत थोडा फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

यात एक मर्यादा मान्य करावी लागते. हा टॅब एका ठरावीक वेगाला आणि कोनालाच पूर्ण तोल देतो. ताशी ४० किलोमीटरला चाक हलकं केलं, तर ताशी १५ किलोमीटरला ते थोडं ओढेल. तुम्ही जास्त वेळ ज्या वेगाने जाता तो वेग निवडा. शिवाय इंजिन उंच बसवलेलं असेल आणि ती आडवी प्लेट बोटीच्या तळापेक्षा सुमारे ५० मिलिमीटर किंवा अधिक वर असेल, तर वेगात टॅब पाण्याबाहेरच राहतो. मग तो कुठेही फिरवला तरी चाकाला फरक कळत नाही. दोन इंजिनांच्या बोटीत पंखे एकमेकांच्या उलट फिरत असतील तर ओढ आपसातच मिटते आणि दोन्ही टॅब मध्यावर ठेवायचे.

हातात दांडा धरून चालवायच्या छोट्या इंजिनांना हा टॅब सर्वांत उपयोगी. तिथे मध्ये गिअर नाही, केबल नाही, सगळी ओढ थेट मुठीत येते. १५ अश्वशक्तीच्या इंजिनावरही दिवसभर बसणाऱ्याच्या दंडाला हे कळतं.

आणखी एक गोष्ट, जी गोड्या पाण्यावर बोट चालवणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. बऱ्याच इंजिनांवर हा टॅब ॲनोडही असतो. म्हणजे स्वतः झिजून इंजिनाच्या ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारा धातूचा तुकडा. खड्डे पडलेला टॅब म्हणजे काम करत असलेला टॅब. तो सुंदर दिसावा म्हणून रंगवणं म्हणजे त्याचं काम बंद पाडणं. समुद्रासाठी तो अनेकदा जस्ताचा असतो. पण धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर एक साय धरते आणि ते झिजायचं थांबतं. टॅब वर्षानुवर्षं गुळगुळीत नवाकोरा दिसतो आणि गंज मात्र इंजिनाचा पाय खात राहतो. मुंबईहून आणलेली, आधी खाडीत चाललेली बोट गंगापूरच्या पाण्यात उतरवली असेल तर आधी हे पाहा. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा ॲनोड योग्य, ॲल्युमिनियमचाही चालतो. ॲनोड जवळपास निम्मा झिजला की बदला आणि नवा बसवताना जुन्याचा कोन आधी टिपून ठेवा, नाहीतर मेहनतीने जमवलेला तोल पुन्हा बिघडेल.

मागच्या फळीवरची जोडी

आता मोठे टॅब. ट्रान्समच्या खालच्या कडेला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, बिजागरीवर बसवलेल्या स्टीलच्या सपाट पट्ट्या. प्रत्येकीला एक ढकलणारा दांडा असतो. तो विजेच्या मोटरने चालतो किंवा पंपातून येणाऱ्या तेलाच्या दाबाने. बटण दाबलं की पट्टीचं मागचं टोक खाली जातं, फार तर २० अंशांपर्यंत.

पट्टी खाली गेली की तळाखालून मागे निघालेलं पाणी तिच्यावर आपटून खाली वळतं. पाणी खाली ढकललं गेलं की बोटीचं ते मागचं कोपरं वर उचललं जातं. दोन्ही पट्ट्या खाली केल्या तर अख्खी मागची बाजू उचलली जाते आणि नाळ, म्हणजे बोटीचं नाक, खाली येतं. फक्त डावी पट्टी खाली केली तर डावं मागचं कोपरं उचललं जाऊन बोट उजवीकडे कलते.

यातून एक गोष्ट निघते. हे टॅब नाक फक्त खाली आणू शकतात. पट्ट्या वर घेतल्याने नाक वर "उचललं" जात नाही, आपण दिलेला दाब फक्त काढून घेतला जातो. नाक वर उचलायचं असेल तर इंजिन बाहेर काढावं लागतं. आणि इंजिनाच्या ट्रिमला बोटीचा डावा-उजवा कल सरळ करता येत नाही, ते टॅबच करू शकतात. दोन्हींची कामं वेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरं वापरू नका.

स्टिअरिंगशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. एक, कललेली बोट सरळ जात नाही. तिच्या तळाचा पाण्यात बुडालेला आकार दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही, ती एका बाजूला पळू पाहते आणि तुम्ही चाक विरुद्ध धरून बसता. दोन, नाक हवेत असलं की पुढचं दिसत नाही, वारा नाकाला बाजूला ढकलतो आणि सतत चाक दुरुस्त करत राहावं लागतं. पाण्यावर तरंगत धावताना, म्हणजे प्लेनिंगला, तळाचा कोन साधारण ३ ते ५ अंश असला तर बोट कमीत कमी जोरात धावते. तेव्हाच ती चाकालाही सरळ उत्तर देते.

नाशिकला हे जास्तच जाणवतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के घटते. म्हणजे अलिबागला जे इंजिन पूर्ण जोर देतं, ते इथे सुमारे ६ टक्के कमी देणार. त्यात गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणून बोट किंचित खोल बसते. बोट पाण्यावर चढण्याच्या ऐन क्षणी, नाक वर आणि शेपूट खाली अशा अवस्थेत, ही तूट दिसते. ती चढायला वेळ घेते, आणि तेवढा वेळ मागे मोठी लाट सोडत जाते. ती लाट जवळच्या मासेमाऱ्यांच्या होड्यांना आणि जाळ्यांना त्रास देते. टॅब इथे मदत करतात. एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकू शकतो ते अंतर म्हणजे पिच) पंखा लावला तर इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड-दोनशेने वाढतात, तोही उपाय जोडीला चांगला.

बटण कसं वापरायचं

पहिल्यांदा वापरणारा चुकतो तो बटणाच्या खुणांवर. डाव्या-उजव्या बटणाखाली "नाक खाली" आणि "नाक वर" असं लिहिलेलं असतं. ही खूण टॅबबद्दल नसते, बोटीच्या नाकाबद्दल असते. त्यामुळे बरोबर जोडलेल्या बोटीत डावं बटण पुढे दाबलं की उजवा टॅब खाली जातो. तारा उलट्या जोडल्यात असं समजून बऱ्याच जणांनी चांगली जोडणी मोडली आहे. बोट ट्रेलरवर असतानाच एकाला मागे उभं करून हे तपासून घ्या. एकदा खात्री झाली की नियम सोपा: जी बाजू उंच दिसते, त्या बाजूचं बटण पुढे दाबायचं.

आता प्रत्यक्ष क्रम. निघताना दोन्ही टॅब पूर्ण वर, इंजिन पूर्ण आत. थ्रॉटल द्या. नाक वर जायला लागलं की दोन्ही बटणं एक-दोन सेकंद पुढे दाबा आणि सोडा. सोडल्यावर थांबा. पाण्याचा परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद लागतात आणि नवशिका नेमका तेवढ्यात पुन्हा बटण दाबतो. मग टॅब जरुरीपेक्षा जास्त खाली जातात. बोट चढली, क्षितिज नाकावरून दिसू लागलं, की टॅब थोडे थोडे वर घ्या. वेग वाढला की त्याच टॅबचा जोर खूप वाढतो. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा दाब चौपट होतो, म्हणून कमी वेगाला जमलेला कोन जास्त वेगाला धोक्याचा ठरतो. शेवटी इंजिन हळूहळू बाहेर घेऊन चाक हलकं होईल तिथे थांबा.

बरोबर जमलं की नाही हे पाण्याच्या शिंतोड्यांवरून कळतं. बाजूला वाकून पाहा, शिंतोडे बोटीच्या अंगापासून कुठे फुटतात. अगदी मागे फुटत असतील तर नाक फार वर आहे. अगदी पुढे, नाकाजवळ फुटत असतील तर नाक फार खाली आहे. मधल्या भागात, बसणाऱ्याच्या थोडं मागे फुटत असतील तर बरं चाललंय. इंजिनामागे कोंबड्याच्या शेपटीसारखा उंच फवारा उडत असेल तर इंजिन जास्त बाहेर गेलंय.

नाक फार खाली गेलं तर काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण टॅबमुळे होणारे खरे अपघात इथे होतात. बोटीचा पुढचा धारदार भाग पाण्यात घुसला की तो स्वतःच सुकाणूसारखा वागतो. बोट पुढून वळायला लागते आणि मागची बाजू पुढे येऊ पाहते. चाक अचानक फार हलकं आणि चंचल होतं, नाक इकडेतिकडे भटकतं, आणि एखाद्या लाटेवर बोट झटक्यात आडवी फिरू शकते. चाक हलकं झालं म्हणून आनंद मानण्याची ही वेळ नव्हे. अशा वेळी थ्रॉटल एकदम सोडू नका, त्याने नाक आणखी रुततं. थ्रॉटल हळूहळू कमी करत टॅब वर घ्या.

मागून लाटा येत असतील तर टॅब पूर्ण वरच ठेवा, कारण तेव्हा नाक आधीच लाटेच्या पायथ्याशी घुसायला पाहतं. समोरून छोट्या लाटा असतील तर नाक थोडं खाली असलेलं बरं, धार लाट कापते आणि आपटणं कमी होतं. रिव्हर्स घेताना टॅब नेहमी वर. खाली राहिले तर ते पाण्याला फळीसारखे आडवे येतात, बोट वळत नाही आणि दांड्यावर उलटा ताण येतो. बोट नाक वर-खाली करत घोड्यासारखी उड्या मारायला लागली तर टॅब अगदी किंचित खाली किंवा इंजिन थोडं आत, बहुतेक वेळा एवढं पुरतं.

बाजूच्या वाऱ्याचं गणित गंमतीचं आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी धरणावर पश्चिमेचा वारा सुटला आणि तुम्ही उत्तरेकडे निघालात, की वारा डावीकडून येतो. बोट उजवीकडे ढकलली जाऊ नये म्हणून तुम्ही चाक थोडं डावीकडे धरता. चाक डावीकडे गेलं की बोट डावीकडे कलते, म्हणजे वाऱ्याकडे झुकते. वाऱ्यानेच कललीय असं वाटतं, पण कल तुमच्या चाकाने आलेला असतो. इथे उजवं बटण पुढे दाबा. डावा टॅब खाली जाईल, डावी बाजू उचलली जाईल, बोट सपाट होईल.

टॅब दाबण्याआधी माणसं हलवा

हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. ७५ किलोचा एक माणूस मध्यरेषेपासून ६० सेंटिमीटर उजवीकडे बसला, तर बोटीवर ७५ गुणिले ०.६, म्हणजे ४५ किलोग्रॅम-मीटर एवढा कलवणारा जोर येतो. टॅबचा मध्य मध्यरेषेपासून ७५ सेंटिमीटरवर असेल, तर तो कल मोडायला टॅबला ६० किलोचा उचल द्यावा लागतो. १० अंशांवर झुकलेली पट्टी एवढा उचल देते, तेव्हा सोबत साधारण १० किलोचा अडथळाही निर्माण करते. तो अडथळा तुम्ही पेट्रोल जाळून भरता. त्या माणसाला मध्ये बसवलं तर फुकटात काम होतं. पर्यटकांच्या बोटीत सगळे एकाच बाजूला फोटो काढायला सरकले, तर हाच हिशेब पाचपटीने होतो आणि तिथे कोणताही टॅब पुरा पडत नाही. पेट्रोलचे कॅन, नांगर, बॅटरी आधी नीट वाटा. १०० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ७४ किलो, ते एका कोपऱ्यात ठेवायची वस्तू नव्हे.

बसवताना आणि सांभाळताना

मापाचा प्रचलित नियम असा: बोटीच्या प्रत्येक फूट लांबीमागे प्रत्येक टॅबला एक इंच रुंदी, आणि मागे-पुढे ९ इंच. १८ फुटी बोटीला १८ इंच रुंद टॅब. पण मागच्या फळीवर जागा किती आहे यावर शेवटी ठरतं. टॅबची बाहेरची कड बोटीच्या तळाच्या बाहेरच्या काठापासून ३ ते ४ इंच आत आणि आतली कड इंजिनापासून किमान ८ इंच दूर ठेवा. टॅब इंजिनाच्या फार जवळ आला तर त्याने ढवळलेलं पाणी पंख्यात जातं आणि पंखा मोकळा फिरतो. बिजागरी तळाच्या कडेपासून पाव इंच वर बसवा. टॅब पूर्ण वर असताना तो तळाच्या रेषेखाली लोंबता कामा नये.

पट्टी खराब झाली तर सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेटरकडून करून घेता येते. ३०४ प्रतीचं स्टेनलेस, सुमारे ३ मिलिमीटर जाड, गोड्या पाण्याला पुरेसं आहे. कोपरे गोल करा आणि धार घासून काढा, पोहणाऱ्याच्या पायाला ती लागते. ॲल्युमिनियमच्या बोटीवर स्टेनलेस बसवताना मध्ये नायलॉनचे वॉशर आणि पातळ प्लास्टिकची पट्टी घाला, नाहीतर दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

ट्रान्समला भोकं पाडणं हा सगळ्यात नाजूक भाग. फायबरच्या बऱ्याच बोटींत आत प्लायवूड असतं. भोक नीट बंद केलं नाही तर पाणी हळूहळू आत मुरतं आणि दोन-तीन वर्षांत इंजिन ज्या फळीवर लटकलंय तीच फळी कुजते. प्रत्येक भोकाच्या तोंडाला आधी हलकी खोलगट कड द्या, म्हणजे वरचा थर तडकत नाही. मग स्क्रू आणि भोक दोन्हींना पाण्याखाली चालणारं पॉलीयुरेथेन सीलंट लावा. बाथरूमसाठी मिळणारं सिलिकॉन इथे चालत नाही.

बिघाड शोधायची पद्धतही सोपी आहे. विजेच्या टॅबपैकी एकच चालत नसेल तर आधी फ्यूज आणि जोडण्या पाहा. नंतर दोन्ही दांड्यांचे प्लग आपसात बदला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर बटण किंवा तार खराब, दोष तिथेच राहिला तर दांडाच खराब. तेलाच्या टॅबमध्ये धावताना पट्टी आपोआप वर सरकत असेल तर तेल कमी आहे, नळीत हवा आहे किंवा गळती आहे. टाकीत बहुतेक ठिकाणी गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल चालतं, तरी झाकणावर लिहिलेलंच भरा. टॅब खाली घेताना वेगवेगळा वेळ लागतो? बिजागरीत गाळ बसलेला असू शकतो.

गाळ हा धरणातल्या बोटींचा नेहमीचा शत्रू. उन्हाळ्यात पाणी आटतं, काठाजवळ चिखल आणि जुनी खुंटं वर येतात, तेव्हा उथळात शिरताना टॅब वर घ्या. खाली असलेला टॅबच आधी आपटतो आणि दांडा वाकतो. गोदावरीच्या ज्या भागात पानवेली वाढते तिथून आल्यावर बिजागरीत अडकलेल्या मुळ्या हाताने काढा, बटण दाबून त्या तोडायचा प्रयत्न करू नका. धक्क्याला बांधताना आणि ट्रेलरवर चढवताना टॅब पूर्ण वर. दांडा आत राहिला की त्यावर शेवाळ आणि गाळ धरत नाही आणि पुढच्या वेळी तो सील फाडत बाहेर येत नाही.

पावसाळ्यात बोट उभी करायची असेल तर शेवटच्या फेरीनंतर बिजागरी ब्रशने धुवा, पट्टी हाताने हलवून पाहा. दर पंधरा दिवसांनी बटण दाबून टॅब एकदा खाली-वर करा आणि त्याच वेळी चाकही दोन्ही टोकांना फिरवा.